पोपडे निघालेल्या भिंतीचं टेक्स्चर: लेयर कसे लावायचे आणि गेममध्ये जोड का दिसतात?

तुमची अडचण थोडक्यात अशी: विटा, त्यावर गिलावा, त्यावर मळ असे लेयर चढवून भिंत केली. फोटोशॉपमध्ये झकास दिसते, पण गेममध्ये लावली की जोड दिसतात, एकच डाग रांगेने परत परत येतो आणि सगळं रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखं सपाट वाटतं. लोक अशा वेळी ब्लेंड मोड (लेयर खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) बदलत बसतात. माझ्या मते लक्ष द्यायचं ते मास्ककडे, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे.

आधी माप. कॅनव्हास १०२४ × १०२४ घ्या. इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लांबून दाखवण्यासाठी ५१२, २५६, १२८ अशा निम्म्या-निम्म्या प्रती करतं, म्हणून दोनाचा घात बरा पडतो. एका मीटरला ५१२ पिक्सेल धरले तर हा तुकडा २ मीटरचा झाला. सांध्यासकट वीट १२८ पिक्सेल लांब आणि ६४ उंच धरली की ओळीत ८ विटा आणि एकूण १६ ओळी बरोबर बसतात. ओळींची संख्या समच हवी. एकाआड एक ओळ अर्ध्या विटेने सरकलेली असते. १५ ओळी केल्या तर तुकडे एकावर एक लागतात तिथे उभे सांधे एकाखाली एक येतात आणि तो दोष कितीही क्लोन केलं तरी जात नाही.

विटांसाठी फोटो वापरत असाल तर आधी त्यातला उजेड सपाट करा. एका कोपऱ्यात उजळ आणि दुसरीकडे गडद असा फोटो टाइल केला (शेजारी शेजारी परत परत लावला) की भिंतीवर पट्टे उमटतात. लेयरची प्रत काढून हाय पास फिल्टर द्या (तो बारीक तपशील ठेवून मोठे उजेड-अंधार काढतो), त्रिज्या साधारण एका विटेएवढी. ती प्रत लिनियर लाइट मोडमध्ये ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवा आणि तिच्याखाली विटेचा सरासरी रंग भरलेला लेयर टाका. कोरड्या, धातू नसलेल्या वस्तूचा रंग ० ते २५५ च्या मापावर ३० च्या खाली आणि २४० च्या वर नेऊ नका. निव्वळ काळ्या भेगेवर इंजिनचा उजेड काहीच करू शकत नाही.

आता गिलावा. गिलाव्याचा वेगळा ग्रुप करा आणि मास्क लेयरला न देता ग्रुपला द्या, म्हणजे रंग, डाग, बारीक भेगा सगळं एकाच कडेने कापलं जातं. मास्कमध्ये क्लाउड्स फिल्टर चालवा (आधी डी दाबून रंग काळा-पांढरा करून घ्या). १०२४ च्या कॅनव्हासवर फोटोशॉपचे क्लाउड्स आपोआप टाइल होतात. गिंपमध्ये (फोटोशॉपसारखंच मोफत सॉफ्टवेअर) सॉलिड नॉइज घ्या आणि टाइलेबलवर खूण करा. नुसत्या क्लाउड्सवर लेव्हल्स (किती गडद ते पूर्ण काळं आणि किती उजळ ते पूर्ण पांढरं हे ठरवणारं साधन) लावले तर कड गोलगोल, तेलाच्या डागासारखी येते. म्हणून त्याच क्लाउड्सची ५१२ पर्यंत लहान केलेली प्रत पॅटर्न म्हणून ओव्हरले मोडमध्ये ४० टक्क्यांवर मिसळा आणि मगच लेव्हल्सचे इनपुट ११५ आणि १३० असे जवळ आणा. कड फाटकी, कुरतडल्यासारखी होते. पोपडे तसेच निघतात.

या कडेला जाडी हवी. इथे बहुतेक जण बेव्हल किंवा ड्रॉप शॅडो लावतात आणि तिथेच घोटाळा होतो: इफेक्टची सावली एका ठरावीक दिशेची, गेममधला दिवा भलतीकडे. त्याऐवजी मास्कवरून सिलेक्शन घ्या, ३ पिक्सेलने आत आकसा आणि मूळ सिलेक्शनमधून वजा करा. उरलेली बारीक कड गिलाव्यापेक्षा थोड्या फिक्या रंगाने भरा, ओपॅसिटी ३५ टक्के, आणि नॉइजने जागोजागी तोडा. आकसताना चित्राच्या कडेवरचं सिलेक्शन आत सरकू देऊ नका. फोटोशॉपमध्ये कॅनव्हासच्या कडेला परिणाम लावण्याचा पर्याय बंद हवा. गिंपमध्ये उलट, सिलेक्शन चित्राबाहेरही चालू आहे असं मानणारा पर्याय चालू हवा. नाहीतर चारही बाजूंना फिकी चौकट येते.

जोड दिसण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ब्लर. ब्लरला कॅनव्हासपलीकडे काय आहे ते माहीत नसतं, त्यामुळे डावी आणि उजवी कड वेगवेगळी पुसली जाते. चित्राचा पॅटर्न करून ३०७२ च्या कॅनव्हासवर ३ × ३ भरा, तिथे ब्लर करा आणि कॅनव्हास साइज मधोमध धरून परत १०२४ करा. तपासायला ऑफसेट फिल्टर, दोन्हीकडे ५१२ आणि रॅप अराउंड. कड मध्यभागी येते, तिथे हीलिंग ब्रश फिरवा, पण ब्रश बाहेरच्या कडांना लागू देऊ नका.

उरला सपाटपणा. तुमच्या वर्णनावरून वाटतं की सगळा मळ, सावली आणि ओल तुम्ही मल्टिप्लायने (खालचं गडद करणाऱ्या ब्लेंड मोडने) रंगातच ओतली आहे. तोच गिलाव्याचा मास्क घेऊन आणखी दोन राखाडी चित्रं करा. उंचीसाठी सांधा ६०, वीट ९०, गिलावा १६०. रफनेससाठी (पृष्ठभाग किती खरखरीत, किती चकाकणारा ते सांगणारं चित्र) वीट २२०, गिलावा २००, ओलसर भाग ११०. कड तिन्हीकडे पिक्सेलला पिक्सेल जुळली की डोळा तिला खरी जाडी मानतो. उंचीचं चित्र १६ बिटमध्येच करा. ८ बिटमध्ये मऊ उताराच्या पायऱ्या होतात आणि नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू कुठल्या दिशेला कललाय ते रंगांत साठवणारं चित्र) त्या ठळक दिसतात. नॉर्मल मॅप गिंपच्या जेनेरिक फिल्टरांमध्ये मिळेल, तोही ३ × ३ वरच चालवा. युनिटीला हिरवा चॅनेल वरच्या दिशेचा लागतो, अनरीअलला उलटा. खाचा फुगवट्यासारख्या दिसल्या तर हिरवा चॅनेल इन्व्हर्ट करा. रफनेस, उंची आणि नॉर्मल इंजिनमध्ये घेताना एसआरजीबी (रंगाच्या चित्रांसाठीची उजेडाची दुरुस्ती) बंद. फक्त रंगाला ते चालू ठेवायचं.

रांगेने दिसणाऱ्या डागाला मात्र लेयरमध्ये औषध नाही. मोठी भेग, पाण्याचा ओघळ, हिरवं शेवाळ असं काहीही नजरेत भरणारं टाइलमधून काढा आणि गेममध्ये डेकल (भिंतीवर वरून चिकटवायचं वेगळं चित्र) म्हणून हव्या त्या ठिकाणी चिकटवा. काय काढायचं ते कळायला ४ × ४ भरून २५ टक्के झूमवर बघा. जे पहिल्या नजरेत सोळा वेळा मोजता येतं, ते काढायचं.