दुपारी बॅकडाऊन, संध्याकाळी फुल लोड

प्रश्न: मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात ऑपरेशनला आहे. मुलगा बारावीत असून इलेक्ट्रिकलच घेणार म्हणतो. सोलर वाढल्यापासून दुपारी आमच्या युनिटला बॅकडाऊनचे, म्हणजे वीजनिर्मिती कमी करण्याचे, निरोप येतात. या लाइनमध्ये आता काही उरलेलं नाही. कॉम्प्युटर घेतलं नाहीस तर फी भरणार नाही, असं मी त्याला सांगितलंय. तुम्ही त्याला समजवा.

उत्तर: समजवायचं तर तुम्हालाच. फीचं ते वाक्य आधी मागे घ्या. ऐन बारावीत बापाने असं बोलणं म्हणजे सल्ला नव्हे, धमकी. अशा अटीवर कॉम्प्युटरला ढकललेली मुलं पुढे केटी घेऊन माझ्यासमोर बसतात, सोबत वडीलही असतात. तुमच्या पत्रात युनिटची काळजी आहे, मुलाला इलेक्ट्रिकल का हवंय याची एक ओळ नाही. विचारलंत का कधी? भीती तुमच्या नोकरीची आहे. ती रास्तही आहे, पण तिची भरपाई त्याने का करायची?

आता ‘या लाइनमध्ये काही उरलेलं नाही’ याबद्दल. 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू) वाटा निम्म्यावर गेला, हे खरं. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी, हे तुम्हाला मी सांगावं? देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. दुपारी तुम्हाला लोड पार 55 टक्क्यांपर्यंत उतरवायला लावतात आणि ऊन कललं की पुन्हा चढवायला. अडलंय ते इथेच. दुपारची वीज रात्री आठला कशी पुरवायची, राजस्थानातली इथवर कशी आणायची आणि हे करताना ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झला कशी धरून ठेवायची? घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प जादा विजेवर पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की खाली सोडतो. असे प्रकल्प, बॅटऱ्या, पारेषण, प्रोटेक्शन (बिघाडापासून यंत्रणेचं संरक्षण) हे सगळं इलेक्ट्रिकलवाल्यांचंच काम. बहुतेक ट्रक आणि कारखान्यांच्या कित्येक भट्ट्या तर अजून विजेवर यायच्याच आहेत.

सीईटी, जेईई, डिप्लोमा हे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच. कोडिंग मात्र त्याने शिकावंच, तेवढं तुमचं बरोबर. आणि गणिताचा कंटाळा असेल तर इलेक्ट्रिकलचा हट्ट त्यानेही सोडावा.

राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर विजेच्या मागणीचे चालू आकडे दिसतात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ते दोघं मिळून बघा आणि त्या वेळी तुमच्या कंट्रोल रूममध्ये काय धावपळ चालते ते त्याला सांगा. फीचा विषय तेव्हा काढू नका.