ब्रिटिश ओपन पहिल्यांदाच पाहताय? शुक्रवार चुकवू नका

तुम्ही विचारलंय की क्रिकेट आणि टेनिस नेहमी पाहता, गोल्फमधलं फारसं काही कळत नाही, पण या जुलैत ब्रिटिश ओपन चारही दिवस पाहायची ठरवली आहे. तर दीडशेहून जास्त खेळाडूंतून नजर कोणावर ठेवायची आणि मुळात पाहायचं काय?

पहिला कोण आला ते रविवारी कळतंच. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास कोण घुटमळतंय ते पाहा. मी ही स्पर्धा २००९ पासून दरवर्षी पाहतोय. नवख्या माणसाला गोल्फची गोडी लागायची असेल तर ती तिथे लागते, असं माझं ठाम मत झालंय.

आधी रचना सांगतो. स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते, रोज १८ होल (चेंडू एका खड्ड्यात घालेपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल), म्हणजे एकूण ७२. सगळ्यात कमी फटके घेणारा जिंकतो. सुरुवात १५६ जण करतात. पहिल्या दोन दिवसांचे ३६ होल संपले की पहिले ७० आणि सत्तराव्याशी बरोबरीत असलेले तेवढे शनिवार-रविवार खेळतात. बाकीच्यांनी बॅग भरायची. याला कट म्हणतात. टेनिसमध्ये हरलात तर समोरच्याने हरवलेलं असतं. इथे कोणी कोणाला हरवत नाही. एक रेषा असते, ती दिवसभर वरखाली होत राहते आणि तुमचा आकडा तिच्या या बाजूला पडतो की त्या बाजूला, एवढ्यावर सगळं ठरतं. एका फटक्याने.

२०१९ ची गोष्ट घ्या. त्या वर्षी ओपन उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरश मैदानावर होती, १९५१ नंतर पहिल्यांदाच. रोरी मॅकिलरॉय तिथलाच. सोळा वर्षांचा असताना त्याने याच मैदानावर ६१ फटक्यांचा विक्रम केला होता, आणि २०१४ ची ओपनही त्याच्या नावावर होती. गुरुवारी पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, त्याच्यासाठी केवढी गर्दी लोटली होती! त्याचा पहिलाच फटका डावीकडे हद्दीबाहेर गेला. चार फटक्यांच्या होलवर (या ठरलेल्या आकड्याला पार म्हणतात) त्याला आठ लागले आणि दिवस ७९ वर संपला. स्पर्धा जिंकण्याचा प्रश्न तिथेच मिटला होता. पण शुक्रवारी तो आला आणि कट गाठायचाच म्हणून खेळू लागला. बर्डीमागून बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, झोपायला जायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. शेवटच्या होलवर हजारो लोक एका माणसाला सत्तरावा नंबर मिळावा म्हणून ओरडत होते. त्याने ६५ केले. कट एका फटक्याने हुकला. मुलाखतीत त्याचे डोळे भरून आले. ती स्पर्धा आयर्लंडच्याच शेन लौरीने सहा फटक्यांनी जिंकली, फार सुंदर खेळला तो, पण २०१९ म्हटलं की मला आधी तो शुक्रवार आठवतो.

आता हवा. ओपन नेहमी लिंक्स मैदानावर होते. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, उंचसखल पट्टा. झाडं जवळजवळ नाहीत, गवत आखूड, जमीन टणक, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोल आणि विहिरीसारखे उभ्या कडांचे. वाऱ्याला अडवायला काहीच नसल्याने इथे चेंडू उंच मारून चालत नाही. खालून मारून जमिनीवरून घरंगळत न्यावा लागतो. बाकीच्या बऱ्याच मोठ्या स्पर्धांत पहिल्या दोन दिवशी निम्मे खेळाडू पहिल्या होलवरून आणि निम्मे दहाव्यावरून सुरुवात करतात. ओपनमध्ये सगळे पहिल्या टीवरूनच निघतात. त्यामुळे पहिली तुकडी सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते आणि शेवटची दुपारी चारनंतर. एवढ्या वेळात समुद्रकाठचं हवामान दोनदा बदलू शकतं. एकाला शांत हवा मिळते, दुसऱ्याला आडवा पाऊस. कोणाची वेळ केव्हाची आहे हे पाहिल्याशिवाय लीडरबोर्डवरच्या आकड्यांना अर्थ नाही. वादळातले ७४ कधीकधी शांत हवेतल्या ६९ पेक्षा मोठी कामगिरी असते.

शनिवार-रविवार क्रम उलटा होतो: मागचे आधी निघतात, आघाडीवरचे सर्वांत शेवटी. २००२ मध्ये मुअरफील्ड मैदानावर यामुळे काय झालं बघा. टायगर वुड्स त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आला होता, चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकण्याची भाषा चालू होती. शनिवारी कट जेमतेम पार केलेले सकाळी खेळून मोकळे झाले आणि मग आघाडीवरच्यांवर वादळ आलं. थंडी, मुसळधार पाऊस, छत्री धरता येईना असा वारा. वुड्सला ८१ लागले. त्याच दिवशी लवकर निघालेल्या जस्टिन लेनर्डचे ६८ झाले होते. एर्नी एल्सने मात्र त्याच वादळात ७२ केले, आघाडी टिकवली आणि रविवारी चौघांच्या प्लेऑफमधून, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा होलांमधून, जिंकला. मला वाटतं एल्सच्या ७२ ची आठवण वुड्सच्या ८१ एवढीच राहायला हवी होती. आणि वुड्सही दुसऱ्या दिवशी ६५ खेळून गेला, हे लोक विसरतात.

खेळाडूंबद्दल विचारलंत, तर मी सगळ्यात आधी जस्टिन रोजचं नाव घेईन. १९९८, रॉयल बर्कडेल. हा सतरा वर्षांचा इंग्लिश मुलगा, अजून हौशी खेळाडू. शेवटच्या होलवर गवतातून मारलेला त्याचा चेंडू थेट होलमध्ये गेला आणि तो संयुक्त चौथा आला. दुसऱ्याच दिवशी तो व्यावसायिक झाला. आणि मग सलग २१ स्पर्धांत त्याचा कट हुकला. एकवीस! सतरा-अठरा वर्षांच्या पोराने दर शुक्रवारी बॅग भरायची, पुढच्या गावी जायचं, पुन्हा तेच. पुढे तो २०१३ ची यूएस ओपन जिंकला, २०१६ चं ऑलिम्पिक सुवर्णही. २०१८ मध्ये कार्नूस्टीला शुक्रवारी शेवटच्या होलवर बर्डी केली तेव्हा कुठे तो कटच्या नेमक्या रेषेवर आत आला. शनिवारी ६४ खेळला आणि स्पर्धा संपली तेव्हा विजेत्या फ्रान्चेस्को मोलिनारीपेक्षा फक्त दोन फटके मागे, संयुक्त दुसरा होता. तो शुक्रवारचा एक पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका) चुकला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. २०२४ मध्ये तर त्याला थेट प्रवेशही नव्हता. त्रेचाळीस वर्षांचा, मोठी स्पर्धा जिंकलेला माणूस पात्रता फेरी खेळायला गेला, आत आला आणि ट्रूनमध्ये पुन्हा संयुक्त दुसरा. तेव्हा झँडर शॉफली जिंकला.

या पात्रता फेरीमुळेच स्पर्धेच्या नावात ‘ओपन’ आहे असं म्हणायला हरकत नाही. जागतिक क्रमवारीतले वरचे, जुने विजेते, हौशी विजेते यांना थेट जागा असते. उरलेल्यांसाठी एका दिवसात ३६ होलची अंतिम पात्रता फेरी. छोट्या क्लबात शिकवणारे प्रशिक्षकही तिथे नशीब अजमावतात. १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला पहिली स्पर्धा झाली तेव्हा फक्त आठ व्यावसायिक होते, १२ होलच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे. बक्षीस म्हणून पैसे नव्हते, चामड्याचा एक पट्टा होता. पुढच्याच वर्षी हौशी खेळाडूंनाही दार उघडलं. मॉरिसच्या मुलाने, तोही टॉमच, १८६८ ते १८७० अशी सलग तीनदा स्पर्धा जिंकून तो पट्टा कायमचा घरी नेला, तेव्हा द्यायला काही उरलंच नाही आणि १८७१ ची स्पर्धा झालीच नाही. आज विजेत्याच्या हातात दिसतो तो चांदीचा क्लॅरेट जग त्यानंतरचा.

पात्रता फेरीतून येऊन जिंकणारेही आहेत. पॉल लॉरी, १९९९, कार्नूस्टी. रविवारी सकाळी तो आघाडीपासून दहा फटके मागे होता. जागतिक क्रमवारीत १५९ वा. त्याने ६७ केले आणि तो बसून राहिला, कारण पुढे फ्रान्सचा जाँ वान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. चार फटक्यांच्या होलवर सहा लागले तरी तो जिंकणार होता. पहिला फटका भरकटला तरी चेंडू बरा पडला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्याला लागला, तिथून उडून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला आणि मागे दाट गवतात येऊन पडला. तिसरा ओढ्यात. त्याने बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. चेंडू हळूहळू बुडत चालला होता. शेवटी त्याने दंडाचा एक फटका घेऊन चेंडू बाहेर टाकला, पाचवा मारला तो बंकरमध्ये. तिथून चेंडू बाहेर काढून त्याने पट घातला, सात. तिघांचं प्लेऑफ झालं आणि लॉरी जिंकला.

त्या चित्रफिती पाहून लोक आजही वान द वेल्डला हसतात. तुम्ही पाहाल तेव्हा सातवा फटका नक्की पाहा. सगळं हातातून गेलेलं, सारं जग बघतंय, सहा-सात फुटांचा पट आहे आणि तो चुकला तर प्लेऑफही नाही. त्याने तो घातला. इतका धीराचा पट मी फार थोडे पाहिलेत. आणि लॉरीने प्लेऑफमधले शेवटचे दोन होल बर्डीने संपवले, ही ट्रॉफी त्याला कोणी आंदण दिलेली नाही.

आपल्याकडच्यांपैकी शुभंकर शर्माचं २०२३ लक्षात ठेवा. हॉयलेकला तो संयुक्त आठवा आला, ओपनमधली भारतीयाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. त्या वर्षी ब्रायन हारमन सहा फटक्यांनी जिंकला, त्यामुळे रविवारी वर चुरस अशी नव्हतीच. शुभंकरचा एकेक पार मोजत बसणं हाच माझ्यासाठी तो दिवस होता. सध्याच्या खेळाडूंत स्कॉटी शेफलरला सोडून बोलता येणार नाही, २०२५ मध्ये पोर्टरशला तो चार फटक्यांनी जिंकला. त्याच्या खेळात थरार शोधू नका, चूक शोधा. सापडायला वेळ लागतो.

मी पाहिलेली पहिली ओपन मात्र टर्नबेरीची, २००९. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा होता, वर्ष व्हायच्या आत खुब्याचं सांधेरोपण झालेला, पाच वेळा ओपन जिंकलेला. रविवारी शेवटच्या होलवर त्याला फक्त पार हवा होता. त्याने आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने) मारलेला फटका हवेत अगदी सरळ होता. मला वाटलं, झालं. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, टेकला, टणक जमिनीवर उडी घेतली आणि घरंगळत मागच्या बाजूने बाहेर गेला. तिथून दोन पटमध्ये काम झालं नाही, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली आणि प्लेऑफमध्ये थकलेल्या वॉटसनला स्ट्यूअर्ट सिंकने सहज मागे टाकलं. नंतर तो पत्रकारांसमोर आला तर सगळे खाली मान घालून बसलेले. त्यानेच सांगितलं, अहो, ही काही शोकसभा नाही. लिंक्सवर फटका चांगला असणं आणि चेंडू थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. म्हणून चेंडू हवेत असताना ओरडू नका. टेकल्यावर काय करतो ते पाहा.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी प्रक्षेपणात क्वचितच नीट दाखवतात. शनिवारी-रविवारी खेळाडू जोडीने खेळतात. कट पार केलेल्यांची संख्या विषम असेल तर शनिवारी सकाळी सर्वांत आधी निघणारा माणूस एकटाच उरतो. मग तो एकट्याने खेळतो, नाहीतर सोबतीला एक स्थानिक खेळाडू दिला जातो, ज्याचे फटके स्पर्धेत मोजले जात नाहीत. स्टँड अजून रिकामे, गवतावर दव, समोर निदान पस्तीस जोड्यांचा दिवस पसरलेला. तो आदल्या संध्याकाळी रेषेच्या या बाजूला राहिलेला शेवटच्यांपैकी एक असतो. त्याचे पहिले चार-पाच होल बघायला मिळाले तर बघाच. वारा बहुधा अजून उठलेला नसतो.