हळदीचे गादीवाफे पाडण्याआधी खड्डा घेऊन बघा

प्रश्न (हिंगोली जिल्हा): दीड एकर मध्यम काळ्या रानातला गहू निघाला. मे अखेरीस हळद लावायची आहे. दरवर्षी रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या मारून गादीवाफे पाडतो. दोन हंगाम झाले, रानाच्या खालच्या अंगाचे कंद कुजतात. खत किती द्यावे?

उत्तर: खताचा हिशेब पुढे आहेच, पण दुखणे खताचे दिसत नाही. रोटाव्हेटर चार-पाच इंचांखाली जात नाही. दरवर्षी त्याच खोलीवर पाती घासली की खाली घट्ट थर बसतो आणि वरच्या मातीचे पीठ होते. जोराच्या पावसात हे पीठ चोपून बसते, पाणी थरावर अडते आणि कंद नेमका त्यातच असतो.

रानात दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या. गव्हाच्या मुळ्या पाच-सहा इंचांवर आडव्या वळल्या असतील आणि तिथली माती पापुद्र्यांनी सुटत असेल, तर थर आहे. मग रान कोरडे असतानाच सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारे ट्रॅक्टरचे अवजार) चालवा. ओल्या रानात त्याची नुसती चीर पडते, थर फुटत नाही. त्यानंतर नऊ-दहा इंच नांगरट, उताराला आडवी. ढेकळे तीन-चार आठवडे तापू द्या. लव्हाळा या तणाच्या गाठी मात्र वेचूनच काढाव्या लागतात, नुसत्या उन्हाला त्या दाद देत नाहीत. पुढे वखराच्या दोन पाळ्या पुरतात.

शेवटच्या पाळीआधी एकरी १० टन शेणखत पसरा. अडीच टनांची ट्रॉली धरली तर एकरी चार ट्रॉल्या. मूठभर हातात घ्या: गरम लागले, वास मारला किंवा त्यात पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ते कच्चे आहे, टाकू नका. हुमणी (मुळ्या खाणारी अळी) अशाच खतातून रानात येते.

शिफारस हेक्टरी २००:१००:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश. तुमच्या दीड एकराला ५० किलोच्या गोणीच्या हिशेबाने सिंगल सुपर फॉस्फेट साडेसात गोण्या आणि म्युरेट ऑफ पोटॅश दोन गोण्या लागवडीवेळी द्या. युरिया सुमारे २६० किलो, निम्मा दीड महिन्याने आणि निम्मा साडेतीन महिन्यांनी. माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

सऱ्या साडेचार फुटांवर, गादीची उंची एक फूट, माथा अडीच फूट आणि सपाट. माथा गोल राहिला तर ठिबकचे पाणी कडेला ओघळते. तुमच्याकडे रानाच्या खालच्या अंगाला कंद कुजतात, म्हणजे सऱ्यांची तोंडे बांधाला अडत असावीत. तिथे सरीच्या तळापेक्षा फूटभर खोल चर काढा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर सऱ्यांत पाणी साचून आहे का, ते फिरून बघा.