मुलाखत तुझी, तर चौकशीही तुझीच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाईप कारखान्यात लेखा सहायकाच्या जागेसाठी तुझी मुलाखत चांगली झाली, साहेबांनी पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची तारीखही विचारली, आणि तरीही उत्तर आलेले नाही. म्हणून मामांच्या ओळखीतल्या पुढाऱ्याकडून फोन करवावा का, असे तू विचारले आहेस. करवू नये. मुलाखत तू दिलीस, तेव्हा चौकशीही तूच करायची, तुझ्या नावाने आणि लेखी.

आधी तारखा पाहा. तुझी मुलाखत ५ तारखेला झाली. लेखा विभागाला ७ तारखेपर्यंत मागील महिन्याचा टीडीएस, म्हणजे देयकांतून कापून घेतलेला आयकर, भरावा लागतो, आणि जीएसटीचे विवरण दरमहा भरणाऱ्या कारखान्याला ११ पर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरण व २० पर्यंत जीएसटीआर-३बी हे कराच्या गोषवाऱ्याचे विवरण दाखल करावे लागते. म्हणजे २० पर्यंत त्यांना सवड कमीच. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या मुलीला हे मी सांगावे, याचे मला थोडे नवल वाटते. शिवाय जागेला मालकांची मंजुरी राहिली असेल, किंवा पसंतीच्या दुसऱ्या उमेदवाराचा निर्णय व्हायचा असेल. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर ‘सर, काही अपडेट?’ असे पाठवून दोन निळ्या खुणांचा अर्थ लावत बसण्यापेक्षा एवढा विचार केला असतास, तर झोप तरी लागली असती.

आज १८ तारीख आहे. २१ तारखेनंतर सकाळी ईमेल कर. विषयाच्या ओळीत तुझे नाव, पद आणि मुलाखतीची तारीख असावी. मजकूर पाच-सहा ओळींचाच असावा: मुलाखतीसाठी आभार, तिथे निघालेल्या एखाद्या कामाचा नेमका उल्लेख, आणि निर्णय साधारण केव्हा अपेक्षित आहे, हा सरळ प्रश्न. डीलरांच्या खात्यांची जुळणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी करशील, असे त्यांनी विचारले होते ना? त्यावर नंतर काही सुचले असेल, तर दोन ओळींत लिही. घरची अडचण लिहू नकोस. ती खरी असली तरी निर्णय घेणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. आठवडाभर उत्तर आले नाही तर कार्यालयीन वेळेत एकदा फोन कर आणि तिथे थांब.

मी अशाच एका कारखान्यात उमेदवारांचे अर्ज हाताळण्यात उमर घालवली आहे. वशिल्याचा फोन आला की आम्ही ‘हो, पाहतो’ म्हणत असू, आणि माझ्यापुरता तो अर्ज खाली जात असे; कारण ज्याला स्वतःच्या नोकरीची चौकशी करता येत नाही, तो व्यापाऱ्याकडे थकलेली रक्कम कशी मागणार? वशिल्याने लागलेली माणसेही पाहिली, नाही असे नाही. पण पगारवाढ मागायलाही त्यांना पुन्हा त्याच दारात जावे लागे.

सख्ख्या पुतण्यासाठीही मी शब्द टाकला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे एकत्र जमलो की वहिनी अजून ते बोलून दाखवतात, आणि त्यांचे बोलणे मला लागते. एक फोन केला असता तर काय बिघडले असते, असे कधी मनात येते. पण त्याला अर्ज लिहायला मी शिकवले, मुलाखतीची तयारी मी करून घेतली, आणि आज तो पुण्यात स्वतःच्या हिमतीवर आहे, हे मात्र घरात कोणी बोलत नाही. असो, तो विषय वेगळा आहे, आणि वेगळा नाहीही.

मामांना नकार तूच दे, माझे नाव पुढे करू नकोस. त्यांनी प्रेमापोटी सुचवले आहे, म्हणून शब्द मऊ वापर.

आणि धुळ्याच्या अवधान औद्योगिक वसाहतीत करायचा अर्ज या एका उत्तराच्या भरवशावर अडवून ठेवू नकोस. तो याच आठवड्यात जाऊ दे. ईमेलचा मसुदा मला पाठवलास तर शुद्धलेखन तपासून देईन, पण माझे एकही वाक्य त्यात घालणार नाही.

तुझा काका