कीटकनाशकाच्या कारखान्यात काम करणाऱ्याची कोणती तपासणी करावी?

तुमचा भाऊ कीटकनाशक बाटल्यांत भरायच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत जातो. वर्षातून एकदा कॅम्प लागतो, बीपी, शुगर, एक्स-रे बघून ‘फिट’ लिहितात. तरी संध्याकाळी त्याचं डोकं दुखतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. एवढं पुरे आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही, पुरे नाही. बीपी-शुगरमध्ये कीटकनाशक दिसत नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं लॅब टेक्निशियन आहे, म्हणून रक्तापुरतं सांगतो.

आधी तिथे कोणता माल भरतात ते विचारा. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस असं ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं काही असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायचं. नसांचा संदेश पोचल्यावर तो थांबवणारं हे एन्झाइम. ही औषधं शरीरातलं ते एन्झाइम बंद पाडतात. इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिन असेल तर या तपासणीचा उपयोग नाही, रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता मुख्य गोष्ट. कोलिनेस्टरेजचा ‘नॉर्मल’ पट्टा फार रुंद असतो. एखाद्याचं मूळचं प्रमाण वरच्या टोकाला असेल, तर ते निम्म्यावर आलं तरी रिपोर्टवर नॉर्मलच छापून येतं. माझ्याकडे असाच एक पॅकिंगवाला पोरगा आला होता. “डोळ्यासमोर अंधारी येते जी,” म्हणाला. आकडा पट्ट्यात होता. घाबरू नको, नॉर्मल आहे, असं मीच त्याला सांगून परत पाठवलं. पुढे त्याने काम सोडलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, तेव्हा आकडा जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे त्या दिवशी तो खरंच विषबाधेत होता. हे मला अजून सलतं.

म्हणून आपला आकडा आपल्याच जुन्या आकड्याशी ताडायचा. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी असाच नियम आहे: स्वतःच्या मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासतात. लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं (रक्ताच्या पातळ भागातलं) 60 टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून काढतात आणि 80 टक्क्यांपर्यंत भरून आल्यावरच परत घेतात. लाल पेशींतलं रोज साधारण एक टक्का या गतीने भरतं. दोन्ही तपासण्या दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की तुलना बिघडते.

भाऊ आधीच कामावर आहे, मग मूळ आकडा कुठून आणायचा? किमान महिनाभर कारखान्यापासून लांब राहून रक्त द्यायचं. पण आपल्याकडे यात एक गोम आहे. खरिपात सुटी घेतलेला माणूस घरच्या वावरात कपाशीवर फवारणीच करतो, आणि पंपातलं औषधही बहुतेक त्याच जातीचं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते याच हंगामात. त्यामुळे पहिलं रक्त उन्हाळ्यात द्या. एप्रिल-मे उत्तम.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातो का तो? बोटाला लागलेलं औषध खर्र्याबरोबर सरळ तोंडात जातं. साबणाने हात धुतल्याशिवाय पुडी उघडू नये. कामाचे कपडे घरी लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका.

भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात कलम 41-सी आलं. धोकादायक रसायनांवर घेण्याआधी आणि नंतर 12 महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा वैद्यकीय तपासणी, आणि आरोग्याची नोंद कामगाराला बघायला मिळणं, हे त्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची नवी कामगार संहिता लागू झाली, तिच्यातही अशी तरतूद ठेवली आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणून कोणी टाळलं तर लेखी मागा. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, त्यावर तारीख आणि शेवटचं काम कधी केलं ते लिहा. ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा भरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, तिथे हेच कागद लागतील.

घाम, लाळ, छाती आवळणं किंवा स्नायू फडफडणं सुरू झालं तर मात्र रिपोर्टची वाट बघू नका. कपडे काढून अंग धुवा, थेट दवाखाना गाठा आणि बाटलीचं लेबल सोबत न्या.

मालाचं नाव कळलं की इथेच लिहा, पुढची तपासणी कोणती ते सांगतो.