बी.एड. कॅथलिक संस्थेत करावे का? भांडुपच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली आणि आता तिला माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचे आहे. तिच्या प्राध्यापकांनी एखाद्या कॅथलिक संस्थेतून बी.एड. करण्याचा सल्ला दिला, तर आपल्या मेलबर्नच्या मेहुण्यांनी तिथल्या कॅथलिक विद्यापीठाचे नाव सुचवले. तिथे धर्माचा आग्रह धरला जाईल का, इंग्रजीत मुलीचा निभाव लागेल का आणि एवढे करून नोकरीच्या दृष्टीने काय पदरात पडेल, असे आपण विचारले आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर चर्चगेटजवळ न्यू मरीन लाइन्सला असलेली, येशूसंघाने (जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने) १९५३ मध्ये सुरू केलेली सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन किंवा सांताक्रूझची सेंट तेरेसाज इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्था कॅथलिक व्यवस्थापनाच्या असल्या, तरी बी.एड.ची पदवी मुंबई विद्यापीठाची मिळते आणि प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते. स्वतःची पदवी देणारे विद्यापीठ हवे असेल, तर बंगळुरूचे ख्राईस्ट हे अभिमत विद्यापीठ आहे. ते कार्मेलाइट धर्मगुरूंच्या संघाचे असून १९६९ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झाले आणि २००८ मध्ये त्याला अभिमत दर्जा मिळाला. तिथेही बी.एड. आहे, पण राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा धरावा लागेल.

धर्माविषयीची आपली शंका मी हलक्यात घेत नाही, कारण मुलीला कुठे पाठवतो आहोत हे आईवडिलांनी विचारलेच पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार आहे. मात्र शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. अशा संस्थांत काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी असतात आणि उरलेल्या जागांवर सर्व समाजांतील मुले-मुली येतात. सकाळी प्रार्थना होईल, नाताळचा कार्यक्रम होईल, वर्गात मूल्यशिक्षणावर चर्चा होईल. अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच राहतील.

खरा विचार व्हायला हवा तो सराव पाठांचा, आणि आपल्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यातले किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवणे बंधनकारक झाले: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असते. त्यात आपल्याच सहविद्यार्थ्यांसमोर पाच-सहा मिनिटे एकच कौशल्य घेऊन, म्हणजे प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन, छोटा पाठ द्यायचा, प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला याविषयीचे अभिप्राय, ऐकायचे आणि तोच पाठ सुधारून पुन्हा द्यायचा असतो. कागदावर हे सगळ्या महाविद्यालयांत सारखेच दिसते. फरक पडतो तो पाठ संपल्यानंतरच्या चर्चेत.

असे पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिलेले आहेत, त्यातला एक सांगतो. सातवीचा वर्ग होता आणि विषय होता पूर्णांक संख्यांची वजाबाकी. छात्रशिक्षिकेने फळ्यावर संख्यारेषा सुरेख काढली, उणे तीनमधून उणे पाच वजा करून उत्तर दोन आणले आणि वर्गाला विचारले, ‘समजले ना?’ वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले. दुसऱ्या बाकावरच्या मुलाच्या वहीत मात्र उत्तर होते उणे आठ. नंतरच्या चर्चेत मार्गदर्शक प्राध्यापिकांनी पाठ टाचणातल्या (पाठाच्या लेखी आराखड्यातल्या) उद्दिष्टांविषयी एक शब्दही न काढता एवढेच विचारले, ‘त्या मुलाने उणे आठ कसे काढले असेल?’ छात्रशिक्षिकेला सांगता येईना, कारण तिने वही पाहिलीच नव्हती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले की त्याने कंस सोडून दिला आणि तीन व पाच यांची सरळ बेरीज करून पुढे उणे चिन्ह लावले. दुसऱ्या दिवशी तिने पाठाची सुरुवात त्या उणे आठपासूनच केली. तो तास तिच्या आदल्या दिवसाच्या नेटक्या पाठापेक्षा कितीतरी चांगला झाला.

येशूसंघाच्या शिक्षणपरंपरेत याच गोष्टीला महत्त्व आहे. या संघाने १५९९ मध्ये आपल्या शाळांसाठी शिक्षणाची सविस्तर नियमावली तयार केली आणि १९९३ मध्ये अध्यापनाची पद्धत पाच टप्प्यांत मांडली: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन. शिकवणाऱ्याने आधी मूल कुठून आले आहे हे जाणून घ्यावे आणि शिकवून झाल्यावर आपण काय केले याचा प्रामाणिकपणे विचार करावा, असा तिचा आग्रह आहे. माझ्या मते कॅथलिक संस्थेकडे जाण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. मात्र फाटकावरचे नाव पाहून हे गृहीत धरू नये. ख्रिस्ती असो वा नसो, पाठांच्या वह्या भरून सह्या घेण्यापलीकडे जिथे काही होत नाही अशी महाविद्यालये आहेत, आणि मनापासून तयारी करून घेणारी महाविद्यालये इतर व्यवस्थापनांचीही आहेत. म्हणून प्रवेशाआधी मुलीला घेऊन स्वतः जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा की त्यांच्या पाठाला प्राध्यापक पूर्ण तास बसतात का, पाठानंतर चर्चा किती वेळ चालते आणि इंटर्नशिपसाठी कोणत्या शाळा मिळतात. फक्त नामांकित इंग्रजी शाळाच मिळत असतील, तर ते मला उणे वाटते. महापालिकेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेतही काही आठवडे मिळाले पाहिजेत.

इंग्रजीची भीती बाळगू नये, पण तयारी करावी. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी सीईटीबरोबर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. बी.एस्सी. इंग्रजीत केलेल्या मुलीला ती जड जाऊ नये. उलट मराठीतून गणित शिकलेली शिक्षिका पदावली, अपूर्णांक, लसावि हे सगळे मुलांच्या घरच्या भाषेत सांगू शकते, आणि मुंबईतल्या कित्येक इंग्रजी वर्गांना आज त्याचीच गरज आहे.

आता मेलबर्नविषयी. ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी हे १९९१ मध्ये चार कॅथलिक संस्था एकत्र येऊन झालेले सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले आहे. तिथला पदवीनंतरचा अध्यापनाचा मास्टर्स अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, किमान ६० दिवस शाळेत शिकवावे लागते आणि भाषा व अंकज्ञानाची राष्ट्रीय चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. शिक्षक म्हणून नोंदणीसाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ७.५ आणि त्यातही बोलणे व ऐकणे यांत ८ गुणांची अपेक्षा असते. आपल्या मुलीसमोरचा खरा डोंगर हाच आहे. मुलीला तिथेच स्थायिक व्हायचे असेल तरच हा खर्च करावा. भारतात परतायचे असेल, तर त्या पदवीची समकक्षता आधी तपासून घ्यावी लागेल आणि इथल्या शाळांचा अनुभवही हाताशी नसेल.

नोकरीचे थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीसाठी नेमणूक होत नाही, त्यामुळे सहावीपासून पुढचेच वर्ग धरून चाला. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर लागतो. अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू आहे की नाही, हा प्रश्न १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. तरीही मुलीने टीईटी द्यावीच, म्हणजे कोणत्याही शाळेचे दार बंद राहणार नाही. अनुदानित माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा १८,००० रुपये मानधनावर काढावी लागतात. घरात हा हिशेब आधीच बोलून घ्या.

सीईटीत बौद्धिक क्षमता, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर प्रश्न असतात, म्हणजे शेवटच्या वर्षाचा अभ्यास सांभाळून तिची तयारी करता येते. मात्र अर्ज भरण्यापूर्वी मुलीने आपल्या जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना भेटून पाच-सहा तास वर्गात मागे बसण्याची परवानगी मागावी आणि जमल्यास एखादा तास स्वतः घ्यावा. त्यानंतरही शिकवण्याची ओढ टिकली, तर बेलाशक अर्ज भरा आणि पसंतीक्रमात चर्चगेट व सांताक्रूझ या दोन्ही संस्था ठेवा. भांडुपहून रोज जाण्या-येण्यात किती वेळ जाईल, ते मात्र दोघांनी एकदा सकाळच्या लोकलने जाऊन पाहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक