गिनीपिगला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न नागपुरातल्याच एका आईचा आहे. मुलीने ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात घरच्या दोन गिनीपिगांबद्दल लिहिलं. बाईंनी शब्दाखाली लाल रेघ ओढून वर ‘गिनी डुक्कर’ लिहून दिलं. आपल्या लाडक्यांना डुक्कर म्हटलं म्हणून मुलगी रडवेली झाली. आईचं विचारणं असं की खरा मराठी शब्द कोणता, आणि ‘तो गिनीपिग’ म्हणायचं की ‘ते’?

बाईंनी शब्दाला शब्द बरोबर ठेवला. पण मूळ नावच दोन्हीकडून चुकलेलं, म्हणून भाषांतरही चुकलं. हा प्राणी कुरतडणाऱ्यांतला, उंदीर-खारींच्या नात्यातला. गिनी आहे आफ्रिकेत आणि हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, पेरू-बोलिव्हियाकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, तोही मांडीवर घेऊन कुरवाळायला नाही, खायला. युरोपात तो पोचला सोळाव्या शतकात.

‘गिनी’बद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: इंग्लंडात तो एका गिनी नाण्याला मिळे, म्हणून हे नाव. गोष्ट चटकदार आहे, पण गिनी हे नाणं पहिल्यांदा पाडलं १६६३ साली आणि हा शब्द इंग्रजीत १६५३ मध्येच छापलेला सापडतो. नाण्याआधी दहा वर्षं!

इतर भाषांनी काय केलं ते बघा. फ्रेंचमध्ये तो ‘हिंदचं डुक्कर’ (हा हिंद कोलंबसचा, म्हणजे अमेरिका), स्पॅनिशमध्ये ‘हिंदचा ससुला’, जर्मन आणि रशियनमध्ये ‘समुद्री डुकरू’, आणि चिनी लोक त्याला ‘हॉलंडचं डुक्कर’ही म्हणतात. ज्याने त्याने आपल्या अंदाजाने पत्ता लिहिला. सगळ्यांना सांगायचं एवढंच होतं की हा समुद्रापलीकडून कुठूनतरी आलाय. त्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: विलायती. विलायती चिंच मेक्सिकोकडची, तिचा विलायतेशी काय संबंध? तरी नाव चिकटलंच. त्या हिशेबाने ‘विलायती उंदीर’ हे अस्सल मराठी वळणाचं नाव झालं असतं.

डुक्कर मात्र सगळीकडून का डोकावतं? बुटकं, गोल, बिनशेपटीचं अंग आणि भूक लागली की केलेला आरडाओरडा. शास्त्रीय नावातही ‘पोर्सेलस’ आहे, म्हणजे डुकराचं पिल्लू. आपला शेजारीही यात मागे नाही. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर, आणि तोच शब्द इंग्रजीत जाऊन ‘बँडिकूट’ झाला. आमच्या शेजारच्या आजींनी हा प्राणी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “हे काय वं, घूस पाळून राहिली का घरात?” त्यांना तेलुगू येत नाही, पण नजर बरोबर होती.

आणि चुकलेल्या नावांना हसायचं तर आपला शहामृग आहेच. फारसीत शुतुर-मुर्ग, म्हणजे उंट-पक्षी. मराठीत येता येता पक्ष्याचं हरीण झालं.

मूळ नाव सगळ्यात गोड आहे. अँडीजमधल्या क्वेचुआ भाषेत त्याला ‘कुवी’ म्हणतात. त्याच्या आवाजावरूनच ते पडलं असं मानतात. मराठी कानाला पिल्लांची कुईकुई आठवल्याशिवाय राहत नाही.

आता लिंग. परका शब्द घेताना आपण ओळखीचा शब्द मनात धरून त्याला लिंग देतो. उंदीर किंवा ससा धरला तर ‘तो’, प्रमाण मराठीतलं डुक्कर धरलं तर ‘ते’. आपल्या विदर्भात बरेच लोक ‘तो डुक्कर’च म्हणतात, त्यामुळे इथे भांडणच मिटतं. ‘तो गिनीपिग’ लिहावं, मादी असेल तर ‘ती’. अनेकवचन ‘उंदीर’सारखं, न बदलणारं: एक गिनीपिग, दोन गिनीपिग. विभक्ती लावताना एकवचनात मी ‘गिनीपिगला’ लिहितो, अनेकवचनात ‘गिनीपिगांना’. ‘गिनीपिगाला’ चूक नाही, पण कानाला जड वाटतं.

‘आमचा गिनीपिग केला’, म्हणजे आमच्यावर प्रयोग करून पाहिला, हा वाक्प्रचारही आता मराठीत रुळलाय. १७८०च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने बर्फाच्या पेटीत गिनीपिग ठेवून त्याची उष्णता मोजली होती. १९०७ मध्ये नॉर्वेतले संशोधक हॉल्स्ट आणि फ्रोलिश यांना त्याच्यात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) घडवता आला, कारण माणसासारखंच त्याचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करत नाही. काही जण इथे ‘बळीचा बकरा’ सुचवतात, पण ते जमत नाही. बकऱ्याचा शेवट ठरलेला असतो. गिनीपिगचं काय होणार हे प्रयोग करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तेव्हा मुलीने निबंधात ‘गिनीपिग’च ठेवावं. पाळण्याचे बाकीचे शब्द आपल्याकडे आहेतच. त्याचं मुख्य खाणं वाळलं गवत, कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) नव्हे. दात सतत वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. क जीवनसत्त्वासाठी रोज शिमला मिरची. संत्र्याची फोड क्वचित, नागपूरचा अभिमान आवरून, कारण त्यात साखर फार. थंड डोंगरातला जीव, तिशीच्या वर पारा गेला की त्रास होतो. नवतप्यात कूलरच्या खोलीत ठेवावा. आणि सांबार तर जीव की प्राण. पुण्याच्या एका पाहुणीने हे ऐकून घाबरून विचारलं होतं, “सांबार? इडलीबरोबरचं?” कोथिंबिरीची जुडी दाखवली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मुलीने निबंधात ‘सांबार खातो’ लिहिलं असेल, तर तिथे लाल रेघ नसावी. बाईही नागपूरच्याच ना!